आठशे चाळीस रुपयांचा फरक

प्रश्न पहिला. जालन्यात मोंढ्यामागे एक वाणिज्य महाविद्यालय आहे. परीक्षा विभागाच्या कपाटात करआकारणी विषयाच्या आदर्श उत्तराचा लिफाफा ठेवला होता. चौदा मार्चला पेपर झाला, आणि त्यानंतर तो लिफाफा फोडलेला आणि रिकामा सापडला. तिसऱ्या वर्षाला चौसष्ट विद्यार्थी. त्यांतल्या एकीचंच उत्तर आदर्श उत्तराशी रुपयापर्यंत जुळलं. चोर कोण ते काढा. आवश्यक तिथे टीपा द्या.

(गुण : एका मुलीचं एक वर्ष.)

हे सगळं टेकाळे गुरुजींनी वहीत लिहून घेतलं, कारण बोर्डेताईंनी तसं सांगितलं होतं. इंदुमती बोर्डे आयकर खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि आता खासगी चौकश्या करत. टेकाळे त्यांचे शेजारी. चौतीस वर्षं मराठी शिकवलेला आणि आकडे दिसले की चष्मा पुसायला काढणारा माणूस.

"ताई, याला क्रम काय देऊ?"

"उत्पन्न मोजताना देतात तोच. पाच मथळे. पगार, घर, धंदा, भांडवली नफा, इतर मार्ग. मग वजावट. मग जे उरेल ते."

"चोराचं उत्पन्न मोजायचंय का आपल्याला?"

"लिहा हो गुरुजी."

समोर ज्योत्स्ना मिसाळ बसली होती. जुळलेलं उत्तर तिचं होतं.

"तू लिफाफा फोडलास?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"बरं. चहा घे."

ज्योत्स्नाने कप हातात घेतला, प्यायली नाही. "उद्या अकराला समिती बसणार आहे, मॅडम. गैरप्रकार ठरला की सगळं वर्ष रद्द. जूनपासून मला एका करसल्लागाराकडे नोकरी आहे, पण पदवी हातात असली तरच. बाबा बियाण्याच्या कंपनीत हंगामापुरते असतात. बारा महिने पगार येईल अशी आमच्या घरातली ही पहिलीच नोकरी."

"प्रश्नपत्रिका आणलीस?"

तिने घडी उघडली. श्री. दिनकरराव यांचं करपात्र उत्पन्न काढायचं होतं. वर्षाचा पगार सात लाख ऐंशी हजार. भाड्याने दिलेलं घर, महिना आठ हजार. त्या घरावर भरलेला नगरपालिकेचा कर सहा हजार. बचत खात्याचं व्याज अकरा हजार चारशे. पीपीएफमध्ये एक लाख, विम्याचा हप्ता वीस हजार.

"माझं उत्तर सात लाख एकोणऐंशी हजार चारशे. बाकीच्यांचं लाखभराने कमी आलं."

टेकाळ्यांचं पेन थांबलं. "माणूस एक, पगार एक, आणि उत्पन्नं दोन?"

"सगळ्यांनी पीपीएफ आणि विमा वजा केला, सर. ते जुन्या पद्धतीत चालतं. नवीन पद्धतीत पगारातून सरसकट पंच्याहत्तर हजार जातात, पण या वजावटी मिळत नाहीत."

"नवीन पद्धत घ्या असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. म्हणून तर घेतली. गेल्या जुलैत मी लोकांची विवरणपत्रं भरून द्यायचे. संगणकावर आधीच नवीन पद्धत लागलेली असते. जुनी हवी असली तर तसं सांगावं लागतं. दिनकररावांनी सांगितलं नव्हतं."

"त्रेसष्ट जणांना सुचलं नाही ते तुला एकटीला?"

"समिती पण हेच म्हणती, सर," ज्योत्स्ना म्हणाली.

मथळा १ : पगार

परीक्षा विभागाचे लिपिक डांगे पगारापुरतंच बोलत.

रिकामा लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर जांभळ्या शाईत आवक शिक्का होता : ३ मार्च. लाखेची मोहर तुटलेली.

"कपाटाची किल्ली?"

"त्या खिळ्याला."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"खिळा भिंतीतच आहे, मॅडम. दिसतो."

"इथं येतं कोण कोण?"

"प्राचार्यबाई. वाघचौरे सर, पेपर त्यांचाच. गाढे सर, त्यांना रोज पर्यवेक्षण असतं. पोरं येत नाहीत. ही मिसाळ एकदा हॉल तिकिटाला आली होती."

"वाघचौऱ्यांचा हा एकच लिफाफा आला?"

डांग्यांनी कोपर ड्रॉवरवर टेकवलं. "इथं दिवसाला पन्नास लिफाफे येतात, मॅडम."

टेकाळ्यांनी लिहिलं : पन्नास लिफाफे. मग खोडलं. मग परत लिहिलं.

मथळा २ : घर

वाघचौरे सरांनी घरी गॅलरीत बसवलं. तिथे दोन खुर्च्या आणि उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे होते, त्यामुळे टेकाळे उभेच राहिले.

"पेपर कधी काढलात?"

"पहिला फेब्रुवारीत. त्यात दिनकररावांनी जुनी पद्धत स्वीकारली अशी ओळ होती. मग वाटलं, पोरं डोळे झाकून वजावट घेतात, एकदा बघू तरी. ओळ काढली. एक आकडाही बदलला. दहा मार्चला नवीन उत्तर तयार केलं, पाकिटावर सही केली आणि डांग्यांना दिलं. म्हटलं, कपाटातलं जुनं काढा आणि हे ठेवा."

"ज्योत्स्ना कशी आहे अभ्यासात?"

"प्रश्न विचारते. सारखे." त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं हो. पण उत्तर रुपयापर्यंत जुळलं. मी तरी काय करू?"

"बाकीचे पेपर कसे आहेत?"

"वजावट सगळ्यांनीच घेतली, तिथंच गळपटले. काहींनी आकडे चुकीचे उतरवले, त्यांचा अर्धा-अर्धा गुण कापला. रोज दहा-बारा तपासतो. कालचे आज आठवत नाहीत."

मथळा ३ : धंदा

रोहिदास गाढे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत आणि संध्याकाळी शिकवणी घेत. शिकवणी एका खताच्या दुकानावर होती. खालून वास वर येत होता.

"तासिकेचं बिल निघतं का वेळेवर?" ताईंनी विचारलं.

"ऑक्टोबरनंतर निघालेलं नाही."

"आणि इथं किती मुलं?"

"पाच."

"पाचच? पाटीवर तर हमखास यश लिहिलंय."

"यश हमखास आहे, ताई. विद्यार्थी नाहीत." गाढे हसले, पण थोडंच.

"शिकवता कसं?"

"लिहून घेतो. एकेक उदाहरण दहा-दहा वेळा, आकड्यांसकट. गणित हातात बसलं पाहिजे. परीक्षेत विचार करायला वेळ कुठं असतो?"

"ज्योत्स्ना तुमच्याकडे होती?"

"नाही. हुशार आहे म्हणतात. असेल. पण नुसत्या हुशारीने उत्तर रुपयापर्यंत जुळत नाही. ज्याचं जुळलं त्यानेच फोडलं, हे समितीला मीच सांगितलं."

जिना उतरताना टेकाळे म्हणाले, "माणूस सरळ वाटला."

"कुठल्या मथळ्याखाली?"



मथळा ४ : भांडवली नफा

निरंक.

(टीप : टेकाळे गुरुजींना इथे काय लिहावं ते कळलं नाही. ताई म्हणाल्या, निरंक लिहा, पण मथळा वगळू नका.)

मथळा ५ : इतर मार्ग

सकाळी साडेनऊला प्राचार्य नानोटेबाईंनी चौसष्ट उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. "अकराला समिती आहे," त्या म्हणाल्या.

"दीड तास पुष्कळ झाला," ताई म्हणाल्या. "गुरुजी, प्रत्येकाचं शेवटचं उत्तर मोठ्याने वाचा. बाकी काही वाचू नका."

टेकाळ्यांनी वाचलं. एकेचाळीस जणांचं सहा लाख चौऱ्याहत्तर हजार चारशे. सतरा जणांचं काहीच्या काही. एका पोराच्या हिशेबाने दिनकररावांनाच सरकारकडून येणं होतं. पाच जणांचं सहा लाख त्र्याहत्तर हजार पाचशे साठ. आणि ज्योत्स्ना.

"ते पाच परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. पाचही सारखेच.

"एकेचाळीस जणांपेक्षा किती कमी?"

टेकाळ्यांनी चष्मा काढला, पुसला, बोटांवर मोजलं. "आठशे चाळीस. पण ताई, सहा-सात लाखांत आठशे चाळीस म्हणजे काय हो."

"म्हणून तर कोणी पाहिलं नाही." त्यांनी टेकाळ्यांच्या वहीच्या कोपऱ्यात छोटासा भागाकार केला आणि वही मिटली. "या पाच जणांची नावं घ्या. आणि परीक्षेला कोण कुठं बसलं होतं तो तक्ता मागवा."

वजावट

अकराला सगळे बसले. नानोटेबाई, वाघचौरे, गाढे. डांगे दाराशी. ज्योत्स्नाला कोणी खुर्ची दिली नव्हती. टेकाळ्यांनी आपली दिली.

"आधी या मुलीला वजा करू," बोर्डेताई म्हणाल्या. "वाघचौरे सर, नवीन उत्तर कधी तयार झालं?"

"दहा मार्चला."

"आणि फोडलेल्या लिफाफ्यावर शिक्का तीन मार्चचा. बदलायला सांगितलेलं पाकीट कपाटात पोचलंच नसेल तर? डांगे, ड्रॉवर उघडता?"

डांग्यांनी खाली पाहिलं. मग जाऊन ड्रॉवर उघडला आणि एक पाकीट आणलं. चिकटवलेलं. झाकणावर वाघचौऱ्यांची सही, अखंड.

"लाख संपली होती," डांगे म्हणाले. "मोहर केल्याशिवाय कपाटात ठेवता येत नाही. उद्या करू म्हटलं, आणि राहून गेलं. मग ते फोडलेलं सापडलं, आणि बोलायची हिंमत झाली नाही."

नानोटेबाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "म्हणजे चोराला मिळालं ते..."

"जुनं उत्तर. म्हणजे चोरी ज्याच्या कामी आली त्याचं उत्तर जुळणारच नाही. तुम्ही जुळणाऱ्याला शोधत बसलात."

टेकाळे हळूच म्हणाले, "मग न जुळणारे त्रेसष्ट आहेत, ताई."

"अठ्ठावन्न सोडा. पाच उरतात. गुरुजी, भाड्याच्या घराचं उत्पन्न कसं काढतात माहीत आहे?"

"अजिबात नाही."

"वर्षाच्या भाड्यातून पालिकेचा भरलेला कर काढायचा. उरेल त्यातले तीस टक्के आणखी सोडायचे. राहिले सत्तर. म्हणजे पालिकेच्या करात शंभराचा फरक पडला तर शेवटच्या उत्तरात सत्तराचा पडतो. या पाच जणांना आठशे चाळीस कमी आले. आठशे चाळीस हे कशाचे सत्तर टक्के?"

ज्योत्स्ना म्हणाली, "बाराशेचे."

"छापलेल्या पेपरात पालिकेचा कर सहा हजार. यांनी वजा केला सात हजार दोनशे." ताईंनी पाच पानं उघडून मांडली. पाच वेगळी अक्षरं, आकडा एक. "हा तक्ता बघा. पाच जण तीन वेगळ्या खोल्यांत बसले होते. एकमेकांचं पाहणं शक्यच नाही. मग जो आकडा पेपरात नव्हताच, तो आला कुठून? सर, तुम्ही एक आकडा बदलला म्हणालात."

वाघचौऱ्यांनी पिशवीतून फेब्रुवारीचा हाताने लिहिलेला पेपर काढला. बोट ठेवलं.

"सात हजार दोनशे," ते म्हणाले. "मी पाचही तपासले. पाचही जागी 'आकडा चुकीचा उतरवला' असं लिहिलं. वेगवेगळ्या दिवशी."

"चुकीचा नाही उतरवला. त्यांनी पेपर वाचलाच नाही. दिनकररावांचं नाव दिसलं, पगार ओळखीचा दिसला, आणि दहा वेळा लिहिलेलं हाताने आपसूक लिहिलं. गाढे सर, हे पाचही तुमचे ना?"

गाढे टेबलाकडे पाहत होते. "मी बरीच उदाहरणं घेतो. येतो एखादा आकडा सारखा."

"एखादा आला असता. नाव, भाडं, व्याज, विमा, सगळंच सारखं येतं? मुलांच्या वह्या मागवू?"

"नका," गाढे म्हणाले. "त्यांना माहीत नव्हतं. मी उदाहरण म्हणून घातलं. पाचही वर आले असते तर पुढच्या वर्षी पंधरा आले असते."

टेकाळ्यांचा गोंधळ अजून संपला नव्हता. "पण मग या पोरीचं नाव तुम्ही का घेतलंत, सर? तुमच्या मुलांवर कोणाला संशयच नव्हता."

उत्तर ताईंनी दिलं.

"लिफाफा फोडलेला सापडला, म्हणजे दोष द्यायला कोणीतरी लागणारच होतं. आणि आदर्श उत्तर सात लाख एकोणऐंशी हजार चारशे आहे हे कळलं, तेव्हाच यांना समजलं की आपण चोरलं ते जुनं होतं. लिफाफ्यात हे उत्तर नव्हतंच, तेव्हा हिने ते स्वतः काढलं. ही निर्दोष आहे हे सगळ्या कॉलेजात फक्त यांनाच पक्कं माहीत होतं."

डांगे दार लोटून बाहेर गेले.

टेकाळ्यांनी वहीत गाढ्यांचं नाव लिहिलं. पगार, की धंदा? त्यांनी दोन्हीकडे लिहिलं आणि दोन्हीकडे प्रश्नचिन्ह काढलं.

करपात्र

नानोटेबाईंनी समितीचा कागद घेतला. ज्योत्स्नाच्या नावापुढे रेघ मारली आणि 'आरोप मागे' असं लिहून सही केली. गाढ्यांना त्यांनी बसायला सांगितलं. आवाज चढवला नाही. त्या पाच मुलांची फेरपरीक्षा कधी घ्यायची, हे वाघचौऱ्यांना विचारलं.

ज्योत्स्ना उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सर, मला किती मिळाले?"

वाघचौऱ्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली. "पंधरापैकी चौदा."

"एक कुठं गेला?"

त्यांनी पान तिच्याकडे फिरवलं. "वरती करनिर्धारण वर्ष लिहिलेलं नाहीस."

तिने वाकून पाहिलं. मथळ्यात नाव होतं, तपशील होता, रकमेचा रकाना होता. वर्ष खरंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "ते माझं चुकलं."