एकोणीस सेकंद

गुरुवारी दुपारी साडेतीनला फोरमनने मौनीला दाराच्या रबराच्या दोन पट्ट्या आणायला पाठवलं. भुयारी गाडीच्या एका डब्याचं काम अडलं होतं आणि तसल्या पट्ट्या बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. "शेवटच्या लाइनीवर एक जुना डबा पडून आहे, त्याच्या काढ," फोरमन म्हणाला. या डेपोत येऊन त्याला दोनच महिने झाले होते.

मौनी वेल्डर होता. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो बोलायचा इतकं कमी, की सगळ्यांच्या तोंडी मौनीच बसलं होतं. त्याने मान हलवली, ग्राइंडर खांद्याला लावला आणि गेला.

डबा शेडच्या टोकाला उभा होता. दाराशेजारच्या खांबावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ होती. दाराची खालची कड अगदी त्या रेघेच्या सरळीत होती. दोन्ही दारांवर मिळून एक लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. काम अगदीच ओबडधोबड, कुठे ढेकळं, कुठे भोकं. मौनीने ते करणाऱ्याला मनातल्या मनात नावं ठेवली आणि पट्टी कापली. दारं दोन्हीकडे ढकलली. आत धूळ, रिकामी बाकं, उभ्या माणसांनी धरायच्या कड्यांची रांग. आत चढायची गरज पडली नाही. त्याने खालूनच रबर ओढून काढलं. निघताना दारं परत लागेनात, म्हणून तशीच ठेवली. चार पावलं गेल्यावर मागे स्प्रिंगा करकरल्या. जुना डबा, करकरणारच. त्याने वळून पाहिलं नाही.

एवढंच झालं होतं.

त्या दिवशी त्याची डबल ड्यूटी होती. रात्री अकरा पन्नासला तो चहाच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. शेवटची गाडी डेपोत यायला अजून चाळीस मिनिटं होती. दोन इलेक्ट्रिशियन होते, एक फिटर होता. फिटरला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो बंदच व्हायचा नाही. आणि आबा होते. आबांनी याच डेपोत पस्तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं, आता गेटवर पहारा करायचे. मधल्या वेळात गेटला कुलूप घालून चहाला यायचे.

"नव्या गाड्या दहा सेकंदांत चाळीसचा वेग पकडतात, आबा," रेडिओ म्हणाला. "तुमच्या वेळचे डबे म्हणजे पाहुण्यांकडून निघालेली आत्या. निघते निघते, दारातच उभी."

"चौदा सेकंद लागायचे," आबा म्हणाले. "सगळ्यांना चौदा. एकालाच एकोणीस लागले. तेही दर वेळी नाही."

"म्हणजे मूड असायचा त्याला?"

आबा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"ऐकीव नाही सांगत. माझ्या थोरल्या भावाबरोबर झालंय. अठ्ठावीस वर्षं झाली. जुन्या डब्यांचे तीन वर्ग पाडायचे होते. रिकामा डबा उभ्या जागेवरून चाळीसच्या वेगाला किती सेकंदांत जातो, ते मोजायचं. पंधराच्या आत आला तर पहिला वर्ग, पुढे चालवायचा. अठरापर्यंत दुसरा, तो आडलाइनीला. त्यापुढे तिसरा, म्हणजे भंगार."

"एवढं कशाला? चालतोय ना, चालवा."

"वेगवेगळ्या चालीचे डबे एका गाडीत जोडलेस, की मागचा पुढच्याला ढुसण्या देतो. उभी माणसं कोसळतात. आणि भरलेला डबा हळू सुटतो, हे तर तुलाही कळत असेल. वाळूची पोती टाकून बघितलं होतं. रिकामा असला तर चौदा. माणसांनी खच्चून भरल्यासारखा असला तर एकोणीस."

"बरं."

"भाऊ मोटरमन. डबा तो चालवायचा. शेजारी घड्याळ घेऊन तपासनीस बसायचा. त्याला आम्ही सेकंदमास्तर म्हणायचो. बायकोने हाक मारल्यावर आपण किती वेळाने ओ दिली, तेही मोजेल असला माणूस. दोघांची दोस्ती जुनी. तीस डबे बिनबोभाट झाले. मग हा एक निघाला. रिकामा, आणि एकोणीस सेकंद. काट्यावर चढवला, तर वजन रिकाम्याचंच. मोटर उघडली, ती ठणठणीत. मग साहेब म्हणाले, डबा चांगला आहे, म्हणजे मोटरमनचा हात ढिला पडलाय. उद्या पुन्हा घ्या. उद्याही एकोणीस आले, तर याला गाडीवरून उतरवा."

"आयला."

"भाऊ पंचावन्नचा. गाडीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. घरी आला, ताट बाजूला सारलं. वहिनीला म्हणाला, मला आता गेटवर बसवतील." आबांनी गेटच्या किल्ल्या वाजवल्या. "मी बसलोच आहे, ते सोडा."

इलेक्ट्रिशियन हसले. मौनीही थोडा हसला.

"मंगळवार, तेरा फेब्रुवारी. रात्री एक वाजून दहा मिनिटं. गाड्या बंद झालेल्या. डबा पहिल्या फलाटाला लावला. तिथून पुढच्या स्टेशनच्या फलाटापर्यंत बोगदा सरळ आहे, चढ नाही, उतार नाही. मास्तरचे डोळे घड्याळावर कमी आणि भावाच्या हातावर जास्त. भावाने हँडल टोकापर्यंत ओढलं. एकोणीस. पुढच्या फलाटावर थांबले, तिथून परत निघाले. परतताना चौदा.

"मास्तर म्हणाला, 'हात तोच, डबा तोच. जाताना जड आणि येताना हलका?'

"भाऊ म्हणाला, 'लिही तू. लिही काय लिहायचं ते. उद्यापासून मी घरी.'

"'गप. निघायच्या आधी काय केलंस ते सांग.'

"'काय करणार? काही नाही.'

"'दारं उघडलीस.'

"'अरे, फलाटाला लागलो की उघडतो. तीस वर्षांची सवय. हात आपोआप बटणाकडे जातो.'

"'रिकाम्या डब्याची दारं?'

"'तू घड्याळ बांधून झोपतोस, मी काही म्हणतो?'

"मास्तर म्हणाला, 'या वेळी उघडू नकोस.' नाही उघडली. पुढच्या फलाटापर्यंत चौदा. परत येताना चौदा. पुन्हा पहिला फलाट. मास्तर म्हणाला, 'आता उघड.'"

आबांनी कप पुन्हा उचलला. खोलीत पंखा फिरत होता. मौनीच्या हातातला चहा निवला होता.

"उघडली. वीस सेकंद ठेवली. फलाटावर कुणी नाही. दिवे चालू. चिटपाखरू नाही. लावली. निघाले."

"किती?" रेडिओने विचारलं.

"एकोणीस."

रेडिओने खुर्ची पुढे ओढली.

"बाकीच्या डब्यांचीही दारं भाऊ त्याच फलाटावर उघडत होता. त्यांना काही झालं नाही. याच डब्याला का, ते मला विचारू नका. मास्तरने कॅबच्या मागच्या काचेतून आत बघितलं. बाकं रिकामी. सगळं रिकामं. पण कड्या... डबा धावताना रिकाम्या कड्या डुलतात. डुलायलाच हव्यात. त्या हलत नव्हत्या. एकही नाही. ताठ. कुणीतरी धरल्यासारख्या."

"आबा, बास."

"तेवढ्यात कंट्रोलचा फोन आला. अडीचला करंट बंद करतोय, रुळांवर माणसं उतरणार आहेत, कुठेही थांबू नका, थेट डेपोत या. पुढचा फलाट आला... आणि गेला. दारं उघडली नाहीत. भाऊ सांगायचा, मागून आवाज आला असता तरी चाललं असतं. आवाज नाही. फक्त फलाट मागे पडताना कड्या दाराच्या बाजूला झुकल्या. सगळ्या. एकदम."

मौनीने कप जमिनीवर ठेवला. कप लवंडला, तसं रेडिओने त्याच्याकडे पाहिलं.

"डेपोच्या चढाला डबा कण्हत होता. शेवटच्या लाइनीवर आणून उभा केला. हँडल बंद. ब्रेक. आणि भावाचा हात... सवयीने... बटणाकडे गेला.

"मास्तरने मनगट धरलं. म्हणाला, 'इथे नको.'

"'मग?'

"'तिथे उतरून ते कुठे जातात, त्यांचं त्यांना ठाऊक. इथून बाहेर जायला एकच वाट आहे.'"

ती वाट खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. शेवटच्या लाइनीच्या टोकाला मागचं फाटक होतं, फाटकापलीकडे कामगारांच्या चाळी. मौनी तिथेच राहायचा, दुसऱ्या मजल्यावर.

"दोघांचीही पोरं तिकडे झोपलेली होती," आबा म्हणाले. "कॅबच्या दारातून दोघे उतरले. पहाटे तीनला भावाने स्वतः पट्टी वेल्ड केली. जन्मात कधी वेल्डिंगची कांडी धरली नव्हती. ढेकळं ढेकळं करून ठेवली."

"पण दुसऱ्या रात्री परत न्यायचा ना, त्या पुढच्या फलाटावर," एक इलेक्ट्रिशियन म्हणाला. "सोडून यायचं."

"तेच ठरलं होतं. पण सकाळी आठला साहेबांसमोर वर्ग लिहायचा होता. पहिला लिहिला, तर डबा त्याच दिवशी गाडीला जोडला गेला असता, आणि जोडायच्या आधी इथेच दारं तपासली असती. शिवाय डबा चांगला म्हटल्यावर दोष भावाचा. मास्तरने तिसरा लिहिला. डबा जड, मोटरमनचा दोष नाही, खाली सही. भावाची गाडी राहिली. वहिनी त्या दिवशी मास्तरच्या घरी जाऊन रडून आली." आबांनी चष्मा काढून पुसला. "पण तिसऱ्या वर्गाचा डबा रुळांवर काढता येत नाही. एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं. भाऊ सुटला. ते मात्र आतच राहिले."

"आणि भंगारात कसा नाही गेला?"

"मास्तर होता तोवर त्याने यादीत येऊ दिला नाही. पुढे जुनी यादी कुणी काढलीच नाही. भाऊ गेला, मास्तर गेला. आता मला ठाऊक, आणि आजपासून तुम्हाला. नव्या फोरमनलाही एकदा सांगायचंय, उद्या-परवा."

रेडिओने घसा साफ केला. "कशावरून अजून आत आहेत? कंटाळून गेले असतील."

"भरलेला डबा स्प्रिंगांवर तीन बोटं खाली बसतो. त्या रात्री मास्तरने दाराची खालची कड बघितली आणि तिच्या सरळीत खांबावर रेघ मारली. म्हणाला, 'येता-जाता बघत जा. कड रेघेला आहे तोवर काळजी नाही.' मी रोज बघतो. काल सकाळी बघितली. आज राहून गेलं."

मौनी उठला. खुंटीवरची बॅटरी घेतली.

"मौन्या, कुठे रे?" रेडिओ म्हणाला. "एकटा जातोस? मी तर आज डबल ड्यूटी लावून इथेच झोपणार."

मौनीने आबांकडे पाहिलं. तोंड उघडलं. दोन पट्ट्या, एवढंच सांगायचं होतं. तो दाराकडे वळला.

आबांचा हात चष्म्यावरच थांबला. "काय झालं?"

तो बाहेर पडला. मागे खुर्ची सरकली, आबांच्या किल्ल्या वाजल्या. तो थांबला नाही. सहावी लाइन. सातवी. आठवी. पायाखाली खडी. दुसरा आवाज नाही.

डब्याची दारं उघडी होती, त्याने ठेवली होती तशीच. त्याने आत उजेड टाकला. कड्या हलत होत्या, अगदी किंचित. शेडमध्ये वारा नव्हता. त्याने उजेड काढून घेतला.

पलीकडे फाटक दिसत होतं. त्यापलीकडे चाळ. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या स्वयंपाकघराचा दिवा. त्याची डबल ड्यूटी असली की बायको तो चालू ठेवायची. दिवा चालू होता. खिडकीत कुणी नव्हतं. त्याने बराच वेळ पाहिलं... कुणी नव्हतं.

मग तो खांबाजवळ वाकला. बॅटरी दातांत धरली. रेघ तिथेच होती. दाराची कड रेघेला नव्हती. ती वर गेली होती.

मौनीने मधल्या जागेत बोटं लावली.

तीन बरोबर बसली.