पितळी मोराचं काम

चारोटीच्या हॉटेलात चहा पिताना शितलच्या पिशवीतून पितळी मोर निसटला आणि छुमछुम वाजत शेजारच्या टेबलाखाली गेला. तो उचलायला वाकलेला तरुण मात्र परत देईना. उलटसुलट करून बघतच राहिला. मोराच्या पोटाखाली आडव्याउभ्या खरबरीत रेघा, आत खडे...

"हे काय आहे?"

"तेच कुणाला माहीत नाही," शितल म्हणाली.

ती तलासरीच्या शाळेत शिकवायची. घराघरांतून आणलेल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ती भरवणार होती, आणि नावाशिवाय एकही वस्तू मांडणार नाही, असं सगळ्यांसमोर बोलून बसली होती. अडलं होतं ते या मोरापाशी. बाकीचे शिक्षक त्याला खुळखुळा म्हणून हसत.

तरुणाचं नाव जीवन. राहणारा चिखल्याचा, घरची मासेमारीची बोट. त्याने मोराचा फोटो मागितला, मग नंबर — फोटो पाठवायला म्हणून. शितलला हसू आलं, पण नंबर तिने दिला.

मग रविवारी दोघं मोर घेऊन घोलवड, मसोली, डहाणू हिंडू लागले. कुणी म्हणे देवापुढचा, कुणी म्हणे लहान मुलाचा. जीवनचे तर्क त्याहून अचाट. ते तो आपल्याला हसवायलाच करतो, हे तिला केव्हाच कळलं होतं. सापडलंच नाही तर, असं तिने एकदा धास्तावून विचारलं.

"तर पुढच्या रविवारीही यावं लागेल," तो म्हणाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती चिखल्याला त्याच्या घरी गेली. बोंबील वाळत घालून आलेली त्याची आई दारातल्या धोंड्यावर बसून खापराने टाचा घासत होती. खरर्... खरर्... शितलने मोर उलटा केला. जीवनही तिकडेच बघत होता.

"टाच," दोघं एकदमच म्हणाले.

आईने मोर टाचेवर फिरवला. मळ निघाला, आणि प्रत्येक घासणीला छुम वाजलं. त्या आवाजाने शेजारची म्हातारी शांतीआजी बाहेर आली. "वज्री गो ही," ती म्हणाली. "माझ्या माहेरी होती."

दुसऱ्या दिवशी वज्री मधल्या टेबलावर होती, आणि हसणारे शिक्षकच ती वाजवायला रांगेत उभे होते. जीवन इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"आता रविवारी काय कारण काढायचं?" त्याने हळूच विचारलं.

"कारण कशाला... मीच बोलावीन."

"आणि मी कायमचं ये म्हटलं तर?"

शितलचे कान तापले. "आईंना विचारलंस?" पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' गेलं.

"तीच घेऊन आलीय मला."

शितलने मान वर केली. दाराशी नवं लुगडं नेसून आई उभी होती, तिच्याकडेच बघून हसत. मग भरल्या वर्गात, सगळ्यांदेखत, शितलने जीवनचा हात धरला आणि त्याला घेऊन आईंच्या पाया पडायला निघाली.