मावरं पळालं तेव्हा

रत्नागिरीजवळच्या वादळशमन प्रयोगशाळेत मोठ्या पडद्यावर मोसमातलं सहावं वादळ फिरत होतं, आणि डॉ. प्रणोती चौलकर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिचं लक्ष होतं वादळाच्या वाटेवर जमलेल्या दोनशे चौदा हिरव्या ठिपक्यांकडे. एकेक ठिपका म्हणजे एकेक मासेमारी बोट, आणि त्यातल्या एकीवर तिचा थोरला भाऊ धनेश होता.

२०६१ सालचा अरबी समुद्र इतका तापलेला, की दिवाळीच्या आगेमागे सात-आठ वादळं ठरलेलीच. त्यांना आवर घालायला समुद्रात शीतस्तंभ सोडले होते, म्हणजे तरंगते लांबलचक नळ. ते ऐंशी मीटर खोलीचं गार पाणी वर ओढत आणि समुद्रावर शीतपट्टा तयार करत. वादळ जगतं समुद्राच्या उबेवर. पट्ट्यापर्यंत ते पूर्ण जोमात असे, पट्टा ओलांडताना उपाशी पडे आणि किनाऱ्यावर नुसता पाऊस शिंपडून जाई. पाच वादळं अशी गारद झाली होती आणि सगळे खूश होते.

"पण बोटी नेमक्या पट्ट्यावरच का गेल्या?" प्रणोतीने विचारलं.

जीवशास्त्रज्ञ डॉ. फरीदा मुकादम यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "खालच्या पाण्याबरोबर खतही वर येतं. याआधी स्तंभ चारच दिवस चालवले. हे वादळ मोठं म्हणून बारा दिवस चालवले. तेवढ्यात शेवाळ वाढलं, त्यावर बारीक जीव आले, त्यांच्यामागे मासे. आपण वादळाच्या वाटेवर पंगत मांडलीय. कोळ्याच्या घरात वाढलीस आणि तुझ्या हे ध्यानात आलं नाही?"

"तुमच्या तरी कुठे आलं?"

"नाही आलं," फरीदांनी कबूल केलं.

प्रणोतीने धनेशला उपग्रह फोन लावला. "दादूस, उद्या दुपारी वादळ तुमच्या डोक्यावर आहे. आत्ता निघ."

"पाच वेला हेच सांगितलंस गो बाय," धनेश हसला. "अंगनातली सुकट पन भिजली नाय. आनि हितं मावरं असं लागलंय, का जाली पुरत नाय. येवढं टाकून कोन येल?"

त्याचं तरी काय चुकलं? वादळं मारून मारून इशाऱ्याची पत प्रयोगशाळेनेच घालवली होती. गस्ती जहाजं होती दोन. ओढून ओढून किती बोटी आणणार?

"मासे हलले तर बोटी हलतील," प्रणोती हळूच म्हणाली.

फरीदांना कळलं, आणि ते मुळीच आवडलं नाही. "नळ तीनशे मीटर खोल सोडायचे? तिथल्या पाण्यात प्राणवायू नावालाच. ते वर आलं की मोठे मासे गुदमरून किनाऱ्याकडे पळतील. पण अंडी, पिल्लं कुठे पळणार?"

"बोटींवर पंधराशे माणसं आहेत, फरीदाबाई."

"मला माहीत आहे. सोड."

संध्याकाळपर्यंत हिरवे ठिपके एकामागून एक किनाऱ्याकडे सरकले. दुसऱ्या दिवशी वादळाने पट्ट्यावर पंधरा मीटरच्या लाटा उठवल्या, तेव्हा तिथे एकही बोट नव्हती. प्रणोती सगळ्यांसमोर रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

चार दिवसांनी ती कोळीवाड्यात घरी गेली, तर सगळे माशांचंच कौतुक करत होते. "तुमच्या यंत्रापरीस मावऱ्याला अक्कल जास्त," धनेश तिच्या ताटात पापलेट वाढत म्हणाला. "वादल येनार ते त्याला आदी कललं. आता ठरलंय, मावरं पलालं का आमी पलायचं."

प्रणोतीने पापलेटाचा काटा काढला. खरं सांगावं तर चौकशी लागली असती, आणि भाऊ समोर धडधाकट बसून जेवत होता. तेवढं तिला पुरेसं होतं.

सहाव्या वादळानंतर नवव्या दिवशी सातवं आलं. या खेपेला शीतपट्टा चारच दिवसांचा होता, तिथे मासे नव्हते. बोटी पट्ट्याच्याही पलीकडे, खुल्या समुद्रात होत्या. प्रणोतीने फोन लावला.

"मावरं हितंच हाय," धनेश निवांतपणे म्हणाला. "मंजे वादल नाय."

यापुढे इशारा द्यायचा तर दर वेळी समुद्राचा गळा दाबूनच द्यावा लागणार होता. बोटींजवळही आठ स्तंभ होते, बंद ठेवलेले. फरीदांनी नळ खोल सोडायच्या बटणाकडे हात नेला. "सोडू?"

"थांबा." प्रणोतीने फोन घट्ट धरला. "दादूस, मावऱ्याला काही कळलं नव्हतं. त्याला मी पळवलं." मग तिने सगळं सांगितलं, खोल पाणी, गुदमरणं, मेलेली पिल्लं. "माझी नोकरी जाईल बहुतेक. पण पुन्हा तेच केलं तर माशांचं बीजच उरणार नाही. म्हणून सांगतेय."

फोनवर फक्त इंजिनाची घरघर येत राहिली.

"आमी त्या मावऱ्याच्या नावानं नारल फोडला गो," तो शेवटी म्हणाला.

"चुकलं माझं."

"आनि आता आमी नाय आलो, तं मावऱ्याला परत मारशील?"

तिला खोटं बोलवेना. "मारीन. तुला बुडू देणार नाही."

त्याचा आवाज लांब गेला. तो दुसऱ्या बोटींशी बिनतारी यंत्रावर बोलत होता.

"जाली वर घ्या रं समद्यांनी आनि बंदरात चला," तो सांगत होता. "नाय तं माजी बहीन हितलं मावरं मारंल."