पाण्यात टाकलेली फांदी

"दार! आधी दार लावा!"

नुआलाच्या कानांवर त्या गावातलं पहिलं वाक्य पडलं ते हे. ना नमस्कार, ना या-बसा.

तिने घाईघाईने दार लोटलं आणि तिथेच उभी राहिली. केसांतून पाणी निथळत होतं, बुटांत तळं साचलं होतं. समोर वाफेचा ढग, आणि त्या ढगात, लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढ्या तांब्याच्या कढईवर वाकलेला एक उंच माणूस. कोपरापर्यंत हात दुधात.

"लावलं," ती म्हणाली. "आता नमस्कार म्हणू का?"

"म्हणा की." त्याने मान वर केली नाही. "पण दुधाला वारा लागला असता, तर नमस्काराने ते सुधारलं नसतं."

मग त्याने वर पाहिलं... आणि पुढचं काही बोलायचं होतं ते विसरला.

ही ब्याऐंशी सालातली गोष्ट. नुआला आयर्लंडची, क्लेअरकडची. पॅरिसमध्ये कचेरीतल्या फ्रेंच साहेबांना इंग्रजी शिकवायची आणि सहाव्या मजल्यावर, ताठ उभं राहिलं की छपराला डोकं लागावं, अशा खोलीत राहायची. पाच दिवस कसे तरी निघायचे. शनिवार उजाडला की मात्र जीव कासावीस व्हायचा. ओल्या गवताचा वास नाही, गाईचं हंबरणं नाही, कुणी नावाने हाक मारणारं नाही! म्हणून ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती उठली, गार द लियाँ स्टेशनवर गेली आणि डोंगराकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसली. पुढे बस धरली. आणि त्या बसमधून, पावसाने काचा पुसट झाल्यामुळे, एक गाव आधीच उतरली. ला कोंब! चाळीस उंबरे, एक देऊळ आणि ही एक डेअरी. दिवा फक्त डेअरीत दिसला.

"पुढची बस कधी?" तिने विचारलं.

"आज? आजची गेली की, तुम्ही उतरलात ती."

त्याचं नाव आन्सेल्म. गावभरच्या गाईंचं दूध त्याच्याकडे यायचं आणि तो त्याची चीजची चाकं करायचा, एकेक जात्याच्या तळीएवढं. काम आटोपल्यावर त्याने तिला तळघर दाखवलं. फळ्याफळ्यांवर शेकडो चाकं निजलेली. तो हातोडीने एकेकावर टकटक करी आणि कान लावी. मृदंगी शाईवर बोट मारून पाहतो ना, अगदी तसं.

"काय म्हणतंय?" तिने हळूच विचारलं.

त्याने दुसऱ्यांदा टकटक केलं, डोळे मिटले. "म्हणतंय, एक बाई ओल्या बुटांनी आत आली आहे."

"आणि?"

"आणि... बरं झालं म्हणतंय."

एवढं बोलून तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पुढे सहा महिने एवढं धीट वाक्य त्याने पुन्हा काढलं नाही.

त्या रात्री तिला मादाम जोझेतकडे खोली मिळाली. मादाम जोझेत म्हणजे सत्तरी ओलांडलेली, एकटी, जिभेला धार आणि हाताला लोणी. तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी नुआलाची पिशवी भरलेली असायची. हिवाळ्यात बर्फ गुडघ्यापर्यंत आला, बस रस्त्यात अडकली, तरी ती यायचीच. बसथांब्यावर आन्सेल्म उभा असायचा. "सहज इकडे आलो होतो," म्हणायचा. त्या थांब्यापलीकडे नुसतं जंगल होतं!

नाताळच्या आधीच्या रविवारी देवळात एक घडलं. पेटी वाजवून गाणाऱ्या बाईचा घसा बसला होता. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणी गाणार का? कुणी उठेना. मग नुआला उठली आणि तिच्या आजीने चुलीपुढे शिकवलेलं मेरीमातेचं स्तोत्र तिच्या बोलीत गायली. शब्द एकालाही कळला नाही. पण भावाला भाषा लागते थोडीच! मागच्या बाकावरच्या शेतकऱ्यांनी टोप्या छातीशी धरल्या. आन्सेल्म खांबाला टेकून उभा होता. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू... थंडीत गळा झाकत जा," आणि स्वतःचा मफलर तिच्या हातात कोंबून निघून गेला. त्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिला कळलं होतं. तिला सगळं कळत होतं. पण बाईमाणसाने किती दिवस नुसतं कळून घ्यायचं?

एप्रिलच्या अखेरीस आईचं पत्र आलं. गावच्या शाळेत जागा रिकामी झाली आहे, मास्तरीणबाईंनी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, हो-नाही लगेच कळव. घर, आई, ओलं गवत... ज्याच्यासाठी परदेशात रात्री उशी भिजवली, ते सगळं एका पाकिटात. उत्तर मंगळवारच्या टपालाने जायलाच हवं होतं.

शनिवारी ती आन्सेल्मबरोबर पुलाच्या कठड्यावर बसली आणि सांगून टाकलं.

"मग... जाणार?" त्याने विचारलं.

"बहुतेक."

तिने वाट पाहिली. खालून ओढा खळखळत होता. आता बोलेल, आता बोलेल.

"हं," आन्सेल्म म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "उद्या दूध जास्त येणार आहे."

"तुझं ते दूधच लखलाभ होवो तुला!" नुआला उठली आणि मागे न पाहता चालू लागली.

दुसऱ्या दिवशी एक मे. रविवार. ती उशिरा उठली, डोळे सुजलेले. खोलीचं अंगणात उघडणारं दार तिने ओढलं, आणि कडीत खोचलेलं काहीतरी सळसळत आत पडलं. नेमकं उंबऱ्याच्या आत, तिच्या अनवाणी पायांवर.

हॉथॉर्नची फांदी! काटेरी, आणि पांढऱ्याशुभ्र फुलांनी नखशिखांत डवरलेली.

नुआलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या मुलखात लहान पोरही हे फूल घरात आणत नाही. मे महिन्यात ते उंबऱ्याच्या आत आलं, की त्या घरातलं माणूस जातं, हे तिने आजीच्या मांडीवर ऐकलं होतं. एकदा सहा वर्षांची असताना तिने ओंजळभर फुलं आत आणली, तर आजीने तिला फुलांसकट उचलून अंगणात ठेवलं होतं. आणि आता आई तिकडे एकटी... तिने पुढचा विचारच केला नाही. फांदी झग्याच्या ओच्यात धरली, बोटांना काटे लागले तशी धावत पुलावर गेली, आणि ओढ्यात भिरकावली. फुलं दोनदा वर आली, मग धार त्यांना वळणापलीकडे घेऊन गेली.

तिने छातीवर क्रूस काढला, निःश्वास टाकला. पलीकडे डेअरीची खिडकी होती. खिडकीत कुणीतरी उभं होतं. ते मागे सरलं.

ती परतली तेव्हा मादाम जोझेत फाटकात उभी होती, हातातला दुधाचा कॅन तसाच अधांतरी.

"काय केलंस पोरी?"

"कुणीतरी माझ्या दारात..."

"कुणीतरी! अगं, एक मेला पहाटे पोरं मुलींच्या दारात फांदी लावतात इथे. आता कोण लावतो म्हणा, सगळी पोरं शहरात. ज्याचं त्याचं झाड वेगळं. काटेरी पांढरं फूल लावायला छाती लागते, त्याचा अर्थ, हिच्याशिवाय दुसरी नाही. ती सुकेपर्यंत दारात राहिली की होकार. कुंपणावर ठेवली तर बघू म्हणायचं. आणि पाण्यात टाकली..."

"पाण्यात टाकली तर?"

"तर पुन्हा विचारायचं नाही. जन्मात नाही." म्हातारीने कॅन खाली ठेवला. "मी टाकली होती एकदा. नुसती रुसले होते गं. आदल्या दिवशी जत्रेत दुसरीबरोबर नाचला म्हणून. मला वाटलं, संध्याकाळी येईल मनवायला. तो लियाँला गेला. मी तेव्हा एकोणीसची होते... जा की! उभी काय राहिलीस? मला काय बघतेस, माझं बघून झालंय!"

नुआला धावली. पाय अजून अनवाणीच आहेत, याचंही तिला भान नव्हतं.

डेअरीत म्हातारा लुसियां आणि आणखी दोन शेतकरी रिकामे कॅन धुवत होते. ती आत शिरली तसे तिघंही एका सुरात ओरडले, "दार!" तिने लाथेनेच दार लोटलं.

आन्सेल्म कढईवर ओणवा होता. दुधाच्या कण्या तळाशी बसल्या होत्या आणि त्या कापडात उचलायची वेळ आली होती. कापडाचं एक टोक पोलादी पट्टीला गुंडाळून त्याने दोन्ही हातांनी खोल तळाशी घातलेलं, आणि दुसरं टोक दातांत घट्ट धरलेलं. सकाळचं सगळ्या गावाचं दूध त्या क्षणी त्याच्या दातांवर होतं. तोंड उघडलं की सारं परत खालच्या पाण्यात, निवळीत.

"आन्सेल्म, ऐक!" तिला धाप लागली होती. "आमच्याकडे ते फूल घरात आलं की माणूस मरतं. लहानपणापासून ऐकत आले. ते आत पडलं, माझ्या पायावर... मी मरण टाकलं रे पाण्यात. तुला नाही!"

त्याचे डोळे मोठे झाले. तोंडातून आवाज आला तो असा, "म्म्म्."

"मंगळवारी आईला पत्र टाकायचंय. तू काल 'हं' म्हणालास. मला त्या 'हं'चं काही लिहिता येत नाही. तू सांग, मी काय लिहू?"

"म्म्म्म्!"

"अरे, नुसती मान हलव, गाढवा!" लुसियां ओरडला.

"मान हलवली तर माझ्या बारा गाईंचं दूध जाईल," दुसरा कळवळून म्हणाला.

आन्सेल्मच्या कपाळावरून घाम ओघळत होता. घामच असावा. तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात गेल्या सहा महिन्यांचे सगळे बसथांबे होते. नुआलाने क्षणभरच थांबून पाहिलं. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, ती कढईशी आली, ओणवली आणि त्याच्या ओठांपाशी हात नेऊन कापडाचं टोक दोन्ही मुठींत पकडलं.

"धरलंय. आता सोड. आणि बोल."

त्याने दात सोडले. जबडा आखडला होता. दोनदा तोंड उघडलं, मिटलं.

"लिही," तो शेवटी म्हणाला, "की इथे एक माणूस आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून पहाटे झाडाला बोलायला पाठवतो. त्याला गाव सोडता येत नाही, कारण रोज सकाळी दूध येतं. तो तिला जा म्हणणार नाही... आणि राहा म्हणायची त्याची लायकी आहे की नाही, ते मात्र तिने ठरवायचं."

"लायकीचं मी बघते," नुआला म्हणाली. तिच्या गालावरून काहीतरी ओघळून हनुवटीला लोंबकळत होतं, आणि हात गुंतलेले. "तू राहा म्हण."

"राहा."

"मोठ्याने! लुसियांआजोबांना ऐकू आलं नाही."

"राहा!"

"आता तरी उचला!" लुसियां कळवळला. "तुमचं झालं, दुधाचं काय?"

दोघांनी मिळून कापड ओढलं. तिच्या बाजूने जरा जास्तच ओढलं गेलं, आणि त्या दुधाचं चाक एका अंगाला कललेलं निघालं. चाकं विकत घेणारा व्यापारी हिवाळ्यात आला, त्याने टकटक केली, नाक मुरडलं आणि ते बाजूला सारलं. आन्सेल्म म्हणाला, ते विकायचं नाहीच मुळी.

ते पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये कापलं, लग्नाच्या जेवणात, मादाम जोझेतच्या अंगणात. नुआलाची आई क्लेअरहून दोन बोटी आणि तीन गाड्या बदलून आली होती. दिवसभर जावयाला नीट हसूनही दाखवलं नव्हतं तिने. लेक दुसऱ्याच्या देशात ठेवून जायची होती ना. तिने पहिला तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले.

"हे त्याने केलं?" तिने लेकीला विचारलं.

"दोघांनी, आई."

आईने ताटली पुढे केली. "मग आणखी एक तुकडा वाढ."