पाच शब्दांचा पेपर

पाच शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी विचारायचे, आणि त्यांतले तीन आठवले तरी बाई खूश. वय झालेल्यांचा विसरभोळेपणा वेळीच ओळखावा म्हणून दवाखान्याने बाईंना या तळमजल्यावरच्या खोलीत बसवलं होतं. बाहेर बाकांवर अकरा आजी-आजोबा होते आणि त्यांनी तपासणीची चक्क परीक्षा करून टाकली होती. एक आजोबा तर तळहातावर आजची तारीख लिहून आले होते. तीही चुकीची.

पहिल्या आजी झकास पास झाल्या. मागून आलेले आजोबा टेकायच्या आधीच म्हणाले, "छत्री, घोडा, साबण, पूल, पिवळा. जाऊ मी?"

पेपर फुटला होता. बाईंना हसू आवरेना. त्यांनी नवे पाच शब्द मनातल्या मनात ठरवले, कागदावर एक अक्षर लिहिलं नाही आणि पुढचा नंबर पुकारला.

आल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. "कात्री, बदक, लोकर, शिडी, निळा," त्यांनी धडाधड म्हणून दाखवलं. "उलटे म्हणू का?"

नेमके तेच शब्द. बाईंचं हसू मावळलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच की! आत्ता बाहेर येऊन सांगून गेलात. चांगली पद्धत आहे हं. आमच्या शाळेत कुणाला सुचली नाही."

बाई तर सकाळपासून खुर्चीतून उठल्या नव्हत्या. निदान त्यांना तसं आठवत होतं. त्यांच्या आईचं विसरणं छप्पन्नाव्या वर्षी सुरू झालं होतं. साठीला ती पोटच्या लेकीला "तुम्ही कोण?" म्हणून विचारत होती. बाईंना गेल्याच महिन्यात छप्पन्नावं लागलं होतं. आपण बाहेर जाऊन आलो आणि विसरलो, असं तर नाही ना? त्या घाबरल्या, अगदी मनापासून घाबरल्या.

आता साक्षीदार हवा होता. त्यांनी तारखेवाल्या आजोबांना आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"आजोबा, माझ्यावर नजर ठेवायची. मी खुर्चीतून उठले तर सांगायचं. बस."

"मार्क किती?"

"पैकीच्या पैकी."

आजोबा डोळे वटारून बसले. पाच मिनिटं गेली.

"उठले का मी?"

"नाही. एकदा पाय हलवलात. अर्धा मार्क कापू?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं. आईचं दुखणं काही आपल्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांना आजोबांना पेढ्यासारखं काहीतरी गोड भरवावंसं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

बाईंचाच. तसाच थोडा बसका, शब्दाशब्दाला थांबणारा.

"शाबास. आता शेवटचा प्रश्न. आत कोण कोण आहे?"

"आजोबा!" बाकांवरून सगळे एका सुरात म्हणाले.

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

"बरोबर."

आजोबा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आजोबा, थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मानही वळवली नाही. कडी काढली, आणि जाता जाता पंखा आणि दिवा बंद केला.