मुकुंदाचं पान

"बाई, हे ताट उचला. या माशाचा वास मला सहन होत नाही."

रखमाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं आणि तव्यावरचा बांगडा करपू लागला... बाई! ज्या पोराने परवापरवापर्यंत काटेसुद्धा चघळल्याशिवाय ताट सोडलं नव्हतं, त्या लहूने आपल्या जन्मदात्रीला परक्या घरच्या मोलकरणीसारखी हाक मारली होती!

"काय म्हणालस रे? बाई? अरे, मी तुजी आवस मां!"

लहूने मान वर केली. त्या डोळ्यांतून कुणी तरी दुसराच तिच्याकडे पाहत होता... रागाने नव्हे, अगदी सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे पाहावं तसा! मग त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि गोंधळून विचारलं, "आये, काय झाला गे? रडतंस कित्याक?"

 रखमाने ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन पदरात तोंड लपवलं.

तिची लालबागची खाणावळ गिरण्यांच्या संपाने बुडवली होती. भोंगे बंद पडले, जेवायला येणारे कामगार बोचकी बांधून गावी गेले, नवरा गंगाधरही मालवणकडे शेत कसायला परतला. मागे उरली ती आणि कॉलेजात शिकणारा लहू. त्याचं शिक्षण आता सुटणार, असं वाटत असतानाच देवासारख्या धावून आल्या त्या ठाकूरद्वारच्या सरोजिनीबाई! त्यांचा एकुलता एक मुकुंद पदवीच्या वर्षाला असतानाच तापाने गेला होता. त्याच्या नावाची शिष्यवृत्ती लहूला मिळाली. फी, पुस्तकं, कपडे, कशालाच काही कमी पडेना. त्या माउलीची इच्छा तरी केवढी? दर महिन्याला मुकुंदाच्या तिथीला लहूने दुपारी जेवायला यावं. आजकाल सख्खा मामा भाच्याला चहा पाजताना दहादा विचार करतो. ही परकी बाई पंचपक्वान्नं वाढत होती!

शेजारच्या सोनूबाईला मात्र यात नवल वाटलं नाही. "शिकलेली पोरां अशीच गो," ती म्हणाली. "तुझ्या लहूच्या आधी ह्याच बाईंनी माझगावच्या जगनाक शिकवल्यानी. मोठो साहेब झालो. आवस दारात गेली, तर विचारता कसो, 'आपण कोण?' शिकलो काय इसारलो!"

पण रखमाच्या काळजात कळ उठली. विसरणं वेगळं... आणि आपल्या आईकडे पाहून खरोखरच ओळख न पटणं वेगळं! मुलाच्या नजरेतला फरक आईला कळणार नाही तर कुणाला?

पुढच्या तिथीला लहू कॉलेजातून यायच्या आधीच ती ठाकूरद्वारच्या त्या चाळीत पोचली. भर दुपार होती. खाली रस्ता माणसांनी फुलला होता, पण सरोजिनीबाईंच्या दारात पाऊल टाकताच सगळे आवाज मागे राहिले. आतल्या खोलीत पाट मांडला होता, केळीचं पान वाढून तयार होतं. आयुष्यभर लोकांना वाढणाऱ्या रखमाची नजर आपसूक पानावर गेली.

पानाभोवती रांगोळी नव्हती. भस्माची रेघ होती!

श्राद्धाच्या पानाभोवती काढतात ती! मेलेल्या माणसासाठी वाढलेल्या पानावर तिचा जिता मुलगा महिनोन् महिने जेवत होता!

"ह्या काय बाईनू?" तिचा आवाज चिरकला. "माजो झील जितो हा! त्येका मड्याच्या पानार बसवतंत?"

सरोजिनीबाई हातात वाढायचा डाव घेऊन बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत, की दचकल्या नाहीत. कित्येक दिवस याच प्रश्नाची वाट पाहत असाव्यात, तशा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"भटजी म्हणाले होते, शिकणाऱ्या मुलाला तिथीला जेवू घाला, मुकुंदाला पोचेल," त्या पुटपुटल्या. "मी भाबडेपणाने श्राद्धाचंच पान वाढलं. आणि रखमाबाई, खरंच पोचलं हो! जगन एक दिवस जेवता जेवता म्हणाला, 'आई, खिरीत वेलची कमी आहे.' मुकुंदाचाच आवाज... मुकुंदाचंच बोलणं! मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माझ्या लेकराने मला पुन्हा आई म्हटलं होतं..."

"आणि जगनाच्या आवशीचा काय? तिका आई कोणी म्हणायचा?"

सरोजिनीबाईंना हुंदका आवरेना. "ती त्याला घेऊन गेली, मी पान बंद केलं, तरी जगन तिचा झाला नाही! मुकुंद त्याला सोडीना. इथे लहू पानावर बसला, तेव्हा कुठे जगनमधून तो निघाला. पण तोवर मागे ओळखच उरली नव्हती. मी स्वतः त्या पानावर बसून पाहिलं... घास घशाखाली उतरत नाही. माझा मुलगा माझ्यात येत नाही, रखमाबाई! त्याला माझ्यासमोर बसून जेवायचं असतं."

रखमाला वाटलं, या बाईचा गळा धरावा! दानाच्या नावाखाली हिने माझं पोर गिळायला घेतलं! तिने हात उचललाही... पण समोरच्या त्या चेहऱ्यावर तिला स्वतःचाच चेहरा दिसला. उद्या लहू गेला, आणि कुणाच्या तरी परक्या पोराच्या तोंडून त्याने "आये" अशी हाक मारली, तर आपण तरी दार लावून घेऊ का? अरेरे, आईचं काळीज किती लोभी असतं! तिचा हात सरोजिनीबाईंच्या पाठीवर विसावला.

जिन्यावर लहूची चप्पल वाजली.

विचार करायला वेळच नव्हता. रखमाने पाट ओढला आणि ती त्या पानावर बसली.

"अहो, काय करताय! तुम्ही स्वतःच्या मुलाला विसराल!"

"मी त्येका इसारलंय तरी चलात, बाईनू. त्येना माका इसरूचा नाय." तिने खिरीत बोटं बुडवली. "मुकुंदा, ये बाळा. माझ्या झिलाक सोड. तुजा पान ह्याच्या फुडे मी जेवतंय."

खीर ऊन होती, पण पहिलाच घास बर्फासारखा थंड होऊन खाली उतरला. दाराशी आलेल्या लहूने एकाएकी खोल श्वास घेतला आणि आईकडे बघून तो हसला, "आये गे! तू हंय कशी? घराक बांगडे हत मां? माका सपाटून भूक लागली हा!" रखमाच्या डोळ्यांना धार लागली. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, पण शब्द निघाले ते असे, "आई, खिरीत वेलची कमी आहे."

सरोजिनीबाईंच्या हातातला डाव खाली पडला.

त्यानंतर मुकुंदाला दिलेल्या शब्दाप्रमाणे दर तिथीला रखमा ठाकूरद्वारला जात राहिली. तिथे मी स्वयंपाकाला मदत करते, असं तिने लहूला सांगितलं होतं. लहू आता घरी हसत जेवायचा, अभ्यास करायचा, आईच्या कुशीत डोकं घालायचा... आणि ती एकेक गोष्ट गमावत होती! माहेरची वाट गेली, गंगाधरचा चेहरा पुसट झाला, बोलीतले शब्द निघून गेले. सोनूबाई हसून म्हणे, "रखमा काय गो शुद्ध बोलूक लागली!" रखमाही हसायची. मनाच्या तळाशी तिने एकच नाव घट्ट धरलं होतं... लहू, लहू, लहू! निदान त्याची पदवी होईपर्यंत देवाने ते ठेवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पदवीदानाच्या दिवशी सरोजिनीबाईंनी तिला हात धरून सभागृहात नेलं, आपल्या शेजारी बसवलं. व्यासपीठावर नावं पुकारली जात होती. त्यातल्या एका नावाला रखमाचं काळीज उगाचच लकलकलं, आणि मग निवांत झालं. सभागृह किती छान होतं! आपल्यालाही इथे यायचं होतं, असं तिला वाटत राहिलं. का, ते मात्र आठवेना.

काळा झगा घातलेला एक मुलगा गर्दीतून धावत आला आणि वाकला. "आये, पास झालंय गे! तुझो लहू पास झालो!"

तिने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. किती गोड मुलगा! डोळे कसे आनंदाने भरलेत याचे! असा मुलगा जिच्या पोटी आला, ती बाई भाग्याची खरी.

"अभिनंदन," ती मृदू स्वरात म्हणाली. "तुमची आई नाही का आली?"

सरोजिनीबाईंनी तोंडात पदर कोंबला. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला... मग त्यांच्याकडे... आणि सरोजिनीबाईंनी रडत रडत, तुटक तुटक शब्दांत त्याला त्या पानाची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता तो भर सभागृहात जमिनीवर बसला.

"इली हा," तो कसाबसा म्हणाला. "माझी आये इली हा. हंयच बसली हा."

"हो ना?" रखमाला मनापासून बरं वाटलं. "मग आमचं काय घेऊन बसलात? आधी तिला नमस्कार करा."

आणि तो पुन्हा वाकला, आणि त्याने तिच्याच पायांवर डोकं ठेवलं.