हॉलच्या बाजूची कडी

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. मी सांगतोय ते गुरुवारी घडलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, लख्ख उन्हात. माझ्या हातात हातोडी होती आणि डोकं ठिकाणावर होतं.

मी सुतार आहे. बत्तीस वर्षं हेच काम करतोय. मला गोष्टी रचता येत नाहीत. येत असत्या तर पुढारी झालो असतो.

एका बँकेतल्या साहेबांच्या घराचा पोर्च बंद करायचं काम माझ्याकडे आलं. पश्चिमेकडे तोंड, वर पत्रा. तीन बाजूंनी काचा लावून खोली करायची होती. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांना एकत्र बसायला जागा हवी हो, मिस्त्री. मुलं खेळतील, पुस्तकं राहतील."

खरं कारण मला चौथ्या दिवशी कळलं. आक्कांची खाट घरातून तिथे हलवायची होती.

आक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. लोकांचे कपडे शिवून त्यांनी भावाला शिकवलं होतं. आता गुडघे गेले होते, पण मधल्या बोटातलं अंगुस्तान काही सुटलं नव्हतं. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ती पत्र्याची टोपी. हाक मारायची झाली की आक्का ते अंगुस्तान लाकडावर वाजवायच्या.

टक... टक... टक.

साहेब माणूस देवासारखा. त्यांना एकच नाद, मोबाइलवर भुताच्या गोष्टी वाचायचा. चहाला बसले की मलाही वाचून दाखवायचे. मी म्हणायचो, "साहेब, भूत परवडलं, गिऱ्हाईक नको." ते पोट धरून हसायचे.

आता कडीचं सांगतो. सगळं तिथेच अडलं आहे.

पोर्च उघडा होता तेव्हा हॉलचं दार हेच घराचं पुढचं दार. त्यामुळे त्याची पितळी कडी हॉलच्या बाजूला. आता पोर्चचीच खोली झाली. बाहेरच्या अंगाला कुलपाचं नवं दार बसलं. म्हणजे ती जुनी कडी काढायलाच हवी. नाहीतर पोर्चमधला माणूस दोन दारांच्या मध्ये कोंडला जाणार. काल हातात करवत धरलेल्यालाही हे कळेल.

मलाही कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी मी हत्यारं पिशवीत भरली, तेव्हा चौकटीवर टकटक झाली.

"मिस्त्री, ती कडी राहिली बघ," आक्का म्हणाल्या. "माझ्या भावजयीला वीस वर्षांची सवय आहे. जेवणं झाली की हात आपोआप कडीवर जातो. मी इकडे, कडी तिकडे. कसं व्हायचं?"

"सोमवारी काढतो, आक्का."

"चार तर स्क्रू आहेत."

"सोमवारी नक्की."

आक्का म्हणाल्या, "बरं. मी लक्षात ठेवते."

सोमवारी मी गेलो नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर वहिनींनी बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली हॉलमधल्या खुंटीला अडकवली, कडी लावली आणि आत जाऊन झोपल्या. साडेपाचला साहेब आले. आक्का दाराशी पडल्या होत्या. वर तापलेला पत्रा, समोर पश्चिमेचं ऊन, आणि काचा अशा पक्क्या बसवलेल्या की धुळीचा कण आत येणार नाही. त्या मीच बसवल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, उन्हाने हृदय थांबलं.

मी भेटायला गेलो तेव्हा हॉलच्या दाराशेजारची काच बघितली. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे टवके होते. दोन-चार नाही, शंभर तरी असतील. आक्कांच्या बोटातलं अंगुस्तान मात्र कुणालाच सापडलं नाही.

वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "मला गाढ झोप लागली होती हो. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

मी साहेबांना म्हणालो, "कामाच्या गडबडीत विसरलो, साहेब."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची काय चूक, मिस्त्री." तो हात मला अजून जड लागतो.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "कडी काढून न्या. साहेब नसताना या."

गेलो. तो गुरुवार होता. वहिनी निम्म्या झाल्या होत्या. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं. मी दाराशी बसलो आणि चार स्क्रू काढले. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. कडी पिशवीत टाकली.

तेवढ्यात...

टक... टक... टक.

काचेवर.

पोर्चमध्ये कुणी नव्हतं. खाटेवरची गादी गुंडाळलेली, खुर्ची रिकामी.

"रोज होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "याच वेळेला. आता कडी गेली, आता थांबेल." आणि आवाज थांबलासुद्धा. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, केरसुणी घेतली आणि महिन्यात पहिल्यांदा पोर्चमध्ये पाऊल ठेवलं.

दार लागलं.

वारा नव्हता. कुणी ढकललं नव्हतं. मी दार ओढलं, खांदा लावला. हलेना. कडीच्या जागी चार रिकामी भोकं होती आणि कडी माझ्या पिशवीत होती. तरी दार तिकडून नाही, माझ्याच बाजूने कुणी लावून घेतल्यासारखं घट्ट बसलं होतं.

मी खुंटीवरची किल्ली घेतली, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पळालो आणि घराला वळसा घातला. बाहेरच्या कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं नाही. काचेवर हातोडी घातली. हातोडी उसळून परत आली, काचेवर ओरखडा नाही.

आत वहिनी घामाने निथळत होत्या. दोन्ही पंजे काचेवर सपाट टेकलेले.

आणि तरी...

टक... टक... टक.

मग ते वाजवत कोण होतं?

"आक्का, सोडा मला!" वहिनी ओरडल्या. "मी झोपले होते हो, मला ऐकू नाही आलं!"

टकटक वाढली. इतकी, की काच थरथरायला लागली. वहिनी गुडघ्यांवर बसल्या. ओठ कोरडे पडले होते. मग त्या बोलल्या. काचेतून प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

"ऐकू आलं होतं. सगळं ऐकू आलं होतं. वाटलं, रोजचीच कटकट. मी पंखा मोठा केला आणि कूस बदलली."

आवाज थांबला.

दार मात्र उघडलं नाही.

क्षणभराने तो पुन्हा सुरू झाला. या वेळी माझ्या समोरच्या काचेवर, बरोबर माझ्या दोन डोळ्यांच्या मध्ये. डोळ्यांदेखत तिथे एक पांढरा टवका उडाला.

मी हात जोडले. "आक्का, मी विसरलो..."

दुसरा टवका उडाला.

मग मला कळलं, त्यांना काय हवंय. "विसरलो नव्हतो, आक्का. सोमवारी तुमच्याच गल्लीतून गेलो. थांबायचा कंटाळा केला."

दार आपसूक उघडलं.

वहिनींना मी पाणी दिलं. त्यांनी माझे पाय धरले. "साहेबांना सांगू नका. ते मला या घरात ठेवणार नाहीत." मी मान हलवली. मलाही ते सोयीचंच होतं. घरी येऊन पिशवी उघडली तर कडी इतकी तापलेली होती की बोटं भाजली.

वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय?

पुढच्या सोमवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या मुलीच्या खोलीचं दार अडकलं. त्याला कडीच नाही. ती आत अभ्यास करत होती. दोन मिनिटं अडकलं. त्याच्या पुढच्या सोमवारी चार, मग आठ. गेल्या सोमवारी सोळा मिनिटं. पोरगी बाहेर आली ती घामाने चिंब, आणि म्हणाली, "बाबा, आत कुणीतरी विचारत होतं, सांगितलंस का?"

त्या संध्याकाळी मी घरातली सगळी दारं चौकटीतून उतरवली. सुताराच्या घराला दारं नाहीत म्हणून अख्खी गल्ली हसते. हसू दे.

साहेबांच्या फाटकापर्यंत मी तीनदा जाऊन आलो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. पण भुताच्या गोष्टींचं हे पान ते मोबाइलवर रोज वाचतात, हे मला माहीत आहे.

साहेब, चहा बाजूला ठेवा. आक्का तीन तास दार वाजवत होत्या. वहिनींना ऐकू आलं होतं. आणि मी विसरलो नव्हतो.

मुलीच्या खोलीचं दार मी भिंतीला टेकवून ठेवलंय. हे लिहायला बसलो तेव्हापासून त्याच्यातून आवाज येत होता. आता जरा थांबलाय.

कायमचा थांबला का, ते सोमवारी कळेल.